शेवटची भेट : नोंद नाही

संशोधनाच्या वहीत एक रकाना असतो, शेवटच्या भेटीच्या तारखेचा. रुग्ण ठरल्या तारखेला आला नाही, नंतरही फिरकला नाही, की त्याच्या नावापुढं डॉक्टर मंडळी ‘एलटीएफ’ लिहितात. लॉस्ट टू फॉलो-अप. असे फार झाले तर पेपर छापणारे तो परत पाठवतात. म्हणून मग कुणाला तरी त्या माणसांना शोधायला लागतं. ती मी.

कलबुर्गीत मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केलं. पगार प्रोजेक्टचा. प्रोजेक्ट संपला की ऑर्डर संपली, मग पुढच्याची वाट बघायची. दोन विषय माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त वर्षं आले. एक, लहान मुलांना बसवलेले पेसमेकर आणि त्यांतले बिघाड. दुसरा, बीदर-कलबुर्गी भागातला फुप्फुसाचा कॅन्सर. दोघांचं एकमेकांशी नातं एवढंच, की दोन्ही वह्या माझ्या टेबलावर होत्या. पण पुढं पुढं मला दोन्हींत एकच गोष्ट दिसायला लागली. आमच्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर जो परत आला नाही तो बरा झाला असेल, किंवा गेला असेल, असं धरून चालता येत नाही. बऱ्याचदा तो नुसता दुसऱ्या राज्यात गेलेला असतो, आणि त्याचं दुखणं कुठल्याच वहीत नसतं.

माझं माहेर भालकी तालुक्यातलं. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढं कन्नड. घरात पेपर लातूरचा, तूर विकायला कलबुर्गीचा बाजार, थोरली आत्या उदगीरला, धाकटी निलंग्याला. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्याचेच तालुके होते. राज्यांची फेररचना झाली तेव्हा ते मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूरकडं आले. सोयरिकी होत्या तिथंच राहिल्या. आजारी माणूस नकाशा बघून दवाखान्यात जात नाही, कुणाकडं उतरता येईल ते बघून जातो. औरादचा उदगीर-लातूरला जाईल, बसवकल्याणचा उमरगा-सोलापूरला, बीदरचा सरळ हैदराबादला. आळंदचा कलबुर्गीला येईल, पण मुलगा पुण्यात वॉचमन असेल तर तोही पुण्याला.

त्यात नावांचा घोळ. मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव, वडील, आडनाव. कन्नड वळणाच्या कागदावर आडनाव गायब, त्याजागी वडिलांचं नाव किंवा गाव. रेशन कार्डावर घरात हाक मारतात ते नाव. आधारवर, हैदराबादला मजुरीला असताना समोरच्यानं जे ऐकलं ते. वय कार्डागणिक वेगळं. सोलापूरच्या वहीत आडनावानं बसलेला माणूस आमच्या वहीत वडिलांच्या नावानं बसतो. कॉम्प्युटरला ती दोन माणसं वाटतात, आणि कॅन्सर मोजणाऱ्याला दोन कॅन्सर.

आधी मुलांचं सांगते.

पेसमेकर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर म्हातारा माणूस येतो. मुलाला कशाला, हा पहिला प्रश्न. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला ठोका खालच्या कप्प्यांपर्यंत पोचला नाही तर त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. ब्लॉक म्हणजे नळी तुंबली असं सगळे समजतात. हा ब्लॉक विजेच्या वाटेवरचा. साधारण पंधरा-वीस हजार जन्मांमागे एक बाळ असं जन्मतं. कारण बहुधा आईच्या रक्तात असतं. तिथल्या काही प्रतिपिंडांनी गर्भातच ती वाट निकामी केलेली असते, आणि आईला स्वतःला कित्येकदा काहीच त्रास नसतो. ही गोष्ट सासूसमोर सांगायची नाही, हे मी पहिल्याच वर्षी ठरवलं. दुसरी मुलं शस्त्रक्रियेनंतरची. हृदयाच्या पडद्याला भोक असतं, ते बुजवताना विजेची वाट सुईच्या अगदी जवळून जाते. थोड्या मुलांत ठोका अडतो. सात-दहा दिवस तात्पुरत्या मशीनवर वाट बघतात. परत आला तर ठीक, नाही तर कायमचं मशीन.

खरं तर पेसमेकरच्या गोष्टीची सुरुवातच मुलांपासून आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय हे सर्जन मुलांच्या हृदयातली भोकं बुजवायचे. ज्यांना ब्लॉक होई त्यांना भिंतीतल्या विजेवर चालणारं मशीन जोडायचे. ३१ ऑक्टोबर १९५७ ला मिनिआपोलिसची वीज गेली. त्यानंतर लिलेहाय यांनी दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांना बॅटरीवर चालणारं मशीन करायला सांगितलं, आणि बॅकन यांनी एका मासिकात आलेल्या मेट्रोनोमच्या सर्किटवरून ते काही आठवड्यांत करून दिलं. पुढच्या वर्षी स्टॉकहोममध्ये पहिल्यांदा शरीराच्या आत मशीन बसलं, आर्ने लार्सन यांना. ते २००१ पर्यंत जगले, आणि तोवर त्यांची २६ मशीनं झाली होती. वीज गेल्याची गोष्ट आमच्याकडच्या आयांना समजावून सांगावी लागत नाही. २६ चा आकडा मात्र मी मुद्दाम सांगायची. एकदा बसवलं की झालं, असं वाटणाऱ्यांना तो ऐकवणं गरजेचं होतं.

कारण बिघाड होतात, आणि ते उशिरा होतात. मोठ्या माणसात शिरेतून वायर घालतात आणि मशीन खांद्याखाली ठेवतात. आठ-दहा किलोच्या बाळाची शीर तेवढी नसते. म्हणून छाती उघडून वायर हृदयावर बाहेरून टाचतात आणि मशीन पोटाच्या भिंतीत ठेवतात. मूल वाढतं, वायर वाढत नाही. तिचं मुद्दाम वेटोळं ठेवलेलं असतं, ते काही वर्षांत ताणून संपतं. कबड्डी, झाडावरून उड्या, सायकलवरून पडणं यांत वायर आतल्या आत तुटते. टाचलेल्या जागी व्रण घट्ट झाला की ठोका पोचवायला मशीनला जास्त जोर लावावा लागतो, आणि बॅटरी लवकर उतरते. कुठं कातडी पातळ होऊन मशीन डोकावतं, पू होतो. शिरेतून वायर घातलेल्या मुलांत शीरच बुजते, पुढच्या वेळी वाट उरत नाही. आणि सगळ्यात फसवं ते हे, की वर्षानुवर्षं उजव्या बाजूनंच ठोका मिळाल्यामुळं काही मुलांचं हृदय हळूहळू फुगत जातं. यात मशीनचं काहीच बिघडलेलं नसतं. इको केल्याशिवाय ते कळत नाही, आणि मूल पळतंय तोवर इको करायला कुणी येत नाही.

म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांच्या भेटींवर पेपर लिहिला तर तो सुंदर दिसतो. पुढची पाच-सात वर्षं जोडली की चित्र पालटतं. आणि नेमक्या त्या वर्षांच्या रकान्यांत ‘एलटीएफ’.

औराद भागातला एक मुलगा. आमच्या फायलीत त्याचं सगळं स्वच्छ, बिघाड काही नाही, मग पाच वर्षं भेट नाही. फोन नंबर बंद. गावच्या आशा कार्यकर्तीला, म्हणजे आशाताईला, विचारत विचारत घर गाठलं, तर आई ज्वारी निवडत बसलेली. म्हणाली, ‘मशीन तर कवाच बदललं की ताई, हैदराबादला. तुमाला कुणी सांगितलं नाही?’ मुलगा शाळेत दोनदा चक्कर येऊन पडला होता. मामा हैदराबादला सेंटरिंगच्या कामावर, त्यानं तिथल्या दवाखान्यात दाखल केलं. वायर तुटलेली निघाली. नवी घातली, मशीनही नवं. तिथल्या वहीत तो बाहेरून आलेला नवा रुग्ण. आमच्या वहीत बिघाड नसलेला जुना रुग्ण. तुटलेली वायर दोन्हीकडं नव्हती. त्या मुलाचा डिस्चार्जचा कागद मी मोबाइलवर फोटो काढून आणला. प्रोजेक्टच्या डॉक्टर सरांनी तो बघितला आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘असे अजून किती?’ माझी त्या प्रोजेक्टवरची पुढची ऑर्डर त्या प्रश्नामुळं निघाली.

हुमनाबादच्या बाजूची एक मुलगी मात्र वेगळ्याच कारणानं हरवली होती. पत्त्यावर गेले तर शेजारी म्हणाले, अशी मुलगीच नाही इथं. आशाताई माझ्याबरोबर होती. तिनं मला बाजूला घेतलं आणि गळ्यातलं दवाखान्याचं ओळखपत्र काढून पिशवीत टाकायला लावलं. ‘मॅडम, कॅन्सरवाल्या बाई म्हणून नाव झालंय तुमचं. तुम्ही ज्या दारात जाता त्या घरची सोयरीक मोडते.’ मुलगी तेरा-चौदा वर्षांची होती, आजोळी ठेवली होती, उमरग्याजवळ. आई-बापानं दवाखान्यात पत्ता मुद्दाम चुलत्याचा दिला होता. पोटात मशीन आहे हे गावात कळलं तर तिला कोण करून घेणार, एवढाच हिशोब. आजोळी गेले तेव्हा ती घागरा घालून होती. नाडी नेमकी मशीनवर बांधलेली, कारण तिथं बांधली की उंचवटा दिसत नाही. खालची कातडी लाल, तकतकीत, कागदासारखी झालेली. अजून फाटली नव्हती. तिला महिन्याभरात शस्त्रक्रियेला नेलं, मशीन स्नायूच्या खाली सरकवलं.

कातडीवर दाब आल्यानं ती झिजते, हे पुस्तकात आहे. नाडी कुठं बांधता, हे विचारायला पुस्तकात सांगितलेलं नाही. आमच्या फॉर्मात मी ते घालून घेतलं. पेपरात ते आलं नाही, पण ओपीडीतल्या नर्सेस अजून विचारतात.

आणखी एक अडचण फार कमी लोकांना माहीत असते. पेसमेकर तपासायचं यंत्र, ज्याला प्रोग्रामर म्हणतात, ते कंपनीगणिक वेगळं. एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या मशीनशी बोलत नाही. आमच्याकडच्या कितीतरी मुलांच्या शस्त्रक्रिया बेंगळुरू, हैदराबाद किंवा सत्यसाईंच्या पुट्टपर्ती-व्हाइटफील्डच्या दवाखान्यांत झालेल्या. तिथं पैसे पडत नाहीत, त्यामुळं गावंच्या गावं तिकडं जातात. मशीनबरोबर मिळालेलं छोटं कार्ड पावसात भिजतं, देव्हाऱ्यात उंदीर कुरतडतात, नाही तर ट्रंकेत राहून जातं. मग मूल आमच्याकडं धापा टाकत आलं तर आत कुठल्या कंपनीचं मशीन आहे हे कुणालाच माहीत नाही. पहिल्यांदा मला टेक्निशियननं दाखवलं तेव्हा नवल वाटलं. छातीपोटाचा एक्स-रे काढला की मशीनवरची बारीक अक्षरं फोटोत उमटतात, आणि त्यावरून कंपनी आणि मॉडेल कळतं. आमच्या लोकांच्या भाषेत एक्स-रेला फोटोच म्हणतात. ‘फोटो काढला की नाव कळतंय’ असं सांगितल्यावर एक आजोबा म्हणाले, ‘मग आधार कार्डाला पण हेच लावा की.’

योजनांचं थोडं सांगायलाच हवं, कारण माणसं कुठं जातात ते शेवटी त्यावरच ठरतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी वाजपेयी आरोग्यश्री योजना २०१० मध्ये कर्नाटकात सुरू झाली ती आमच्या गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी, विभागातून. हृदय, कॅन्सर अशा मोठ्या आजारांसाठी. योजना मिळालेली आणि अजून न मिळालेली, अशी राज्याच्या पोटातल्या हद्दीवरची ५७२ गावं निवडून एक अभ्यास झाला आणि तो २०१४ साली ‘बीएमजे’मध्ये आला. योजनेत बसणाऱ्या आजारांनी गरीब घरांत होणारे मृत्यू योजना मिळालेल्या बाजूला ०.३२ टक्के, न मिळालेल्या बाजूला ०.९० टक्के. आमच्या कामात सीमा ही नेहमी कटकट. त्या संशोधकांनी तिचाच उपयोग करून घेतला. मला तो पेपर अजून आवडतो.

महाराष्ट्राची योजना २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू झाली. आधी राजीव गांधींच्या नावानं, नंतर महात्मा फुल्यांच्या. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ती सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, त्यांत बीदर-कलबुर्गीकडची गावंही आहेत. कर्नाटक सरकारनं आक्षेप घेतला, दोन्हीकडचे पेपर काही दिवस तापले. माझ्या वहीत त्याचा अर्थ एवढाच, की ‘कुठलं कार्ड’ हा एक रकाना वाढला. त्याच वर्षी जूनमध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. तारखेला येणाऱ्या आया वाढल्यासारख्या मला वाटल्या. आकडा काढलेला नाही, नुसतं दारातल्या गर्दीवरून सांगते. उमरग्याहून येणारी आई मात्र तिकीट काढूनच येते.

फुप्फुसाच्या वहीत सगळं उलटं. तिथं माणसं फार वर्षं हरवत नाहीत, कारण फार वर्षं जगत नाहीत. घरी पोचलं की बहुतेक वेळा भिंतीवर हार घातलेला फोटो. मग काम उरतं ते घरच्यांना विचारण्याचं. खोकला कधीपासून, रक्त पडत होतं का, वजन किती उतरलं, आधी कुठं दाखवलं. भारतात मृत्यूची कारणं शोधायला रजिस्ट्रार जनरलच्या मिलियन डेथ स्टडीत हीच पद्धत वापरली. घरच्यांकडून लक्षणं ऐकायची आणि त्यावरून डॉक्टरांनी कारण ठरवायचं. कागदावर ती सोपी दिसते. नवऱ्याला जाऊन चार महिने झालेली बाई चहा ठेवते आणि आपण विचारायचं, शेवटच्या महिन्यात आवाज बसला होता का.

जवळजवळ प्रत्येक घरात एक टप्पा सारखाच. ‘आधी टीबीच्या गोळ्या चालू होत्या.’ खोकला, ताप, वजन उतरणं, फोटोत डाग. आमच्याकडं टीबी एवढा आहे की तसं वाटणं साहजिक आहे, आणि तालुक्याच्या डॉक्टरला मी त्यासाठी दोष देत नाही. त्याच्याकडं सीटी नाही, दुर्बीण नाही. पण गोळ्यांनी दोन महिन्यांत डाग हलला नाही तर पुढं पाठवायचं, एवढं झालं असतं तर काही जणांना निदान उपचारांचे दिवस मिळाले असते. सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून कलबुर्गीत किदवई कॅन्सर संस्थेच्या केंद्रात पोचलेला माणूस बहुधा छातीत पाणी झालेलं घेऊनच पोचायचा.

एकदा एका सरांनी वर्षवार आलेख काढला. रेघ चढती. ‘या भागात फुप्फुसाचा कॅन्सर वाढतोय’ असं मथळ्यात घालायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, सर, रेघ चढते त्या वर्षांत आपल्याकडं सीटी मशीन आलं, आणि २०१७ च्या ऑक्टोबरात बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली. आधी जे हैदराबादला जायचे ते आता सकाळच्या गाडीनं इकडं येतात. कॅन्सर वाढला असेल, पण ही रेघ आपल्या दाराची आहे, जिल्ह्याची नाही. सर चिडले नाहीत. त्यांनी मथळा बदलला. सगळे बदलत नाहीत. प्रमोशनला पेपर लागतात, पीजीला थिसिस लागतो, आणि ‘आमच्या दवाखान्यात आलेल्यांपैकी’ हे शब्द मथळ्यात घातले की पेपर लहान वाटतो. माझ्या मते तेवढे शब्द ज्यानं गाळले त्याचे पुढचे आकडे वाचायची गरज नाही.

जिल्ह्याचा आकडा काढायचा तर बार्शीसारखं करावं लागतं. १९८७ मध्ये तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतली ३४६ गावं. कस्तुरी जयंत आणि बी. एम. नेने यांच्या त्या कामाचं वैशिष्ट्य असं, की रुग्ण दवाखान्यात येईल म्हणून वाट बघत बसले नाहीत. माणसं गावोगाव जायची, सरपंच, मास्तर, बायकांशी बोलायची, लक्षणं सांगायची, संशयिताला तपासायला न्यायची. शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. २००९ साली तो ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. एका एचपीव्ही चाचणीनं मृत्यू निम्म्यावर येतात हे त्यानं जगाला दाखवलं. त्या जिल्ह्याची हद्द आमच्या आळंद-बसवकल्याणला लागून आहे. तिथल्या बायका आणि इकडच्या बायका एकाच लग्नाच्या पंगतीला बसतात. त्यामुळं ‘आपल्या लोकांत असलं काम होत नाही’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

प्रश्न कसा विचारायचा, हे मी या वहीवर शिकले. ‘व्यवसाय’ या रकान्यात आमच्याकडं दोनच शब्द, शेती नाही तर कुली. शहाबादचा एक माणूस होता, फॉर्मावर कुली, धूम्रपान नाही. त्याच्या भावाला मी विचारलं, पहिली मजुरी कुणाकडून घेतली? तिथून सुटलं. बाराव्या वर्षी फरशीच्या खाणीत, मग पॉलिशच्या मशीनवर, मग वाडीकडं सिमेंटच्या गोण्या, शेवटची काही वर्षं मुलाच्या शेतात. चार ठिकाणची धूळ, आणि फॉर्मावर एक शब्द. सिलिकाची धूळ फुप्फुसाचा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९९७ लाच पहिल्या गटात टाकलं आहे. त्या दिवसापासून मी ‘आता काय करता’ हा प्रश्न सोडला आणि ‘आधी कुठं, मग कुठं’ असं विचारायला लागले. बिडीचंही तसंच. मुलासमोर विचारलं तर नाही, चहाच्या टपरीवर विचारलं तर दिवसाला दोन कट्टे.

बायकांच्या बाबतीत धूम्रपानाचा रकाना बहुतेक रिकामाच. तरी फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या बायका येत राहिल्या, आणि त्यांच्यात अ‍ॅडिनोकार्सिनोमा या जातीचा जास्त. बिडी-सिगरेट न ओढणाऱ्यांत तोच जास्त सापडतो, आणि देशभरातच त्याचा वाटा वाढत आला आहे. चुलीवरचा प्रश्न मी स्वयंपाकघरात बसूनच विचारायची. तुराट्या, पऱ्हाट्या, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या. कौलातून उजेड येईल पण धूर जाणार नाही अशी खोली. २०१६ नंतर उज्ज्वलाचा सिलिंडर आला, पण भाकरी चुलीवर आणि चहा गॅसवर अशी वाटणी बऱ्याच घरांत झाली. संशोधनात कोळशाच्या धुराविरुद्ध पुरावा पक्का, लाकूड-शेणाच्या धुराविरुद्ध त्याहून एक पायरी खाली. म्हणून मी कुणाला ‘चुलीमुळं झालं’ असं सांगितलं नाही. विचारणाऱ्या मात्र सगळ्याच विचारायच्या.

याच बायकांसाठी गेल्या काही वर्षांत खरी आशा निर्माण झाली. कॅन्सरच्या तुकड्यात ईजीएफआर नावाचा बदल सापडला तर केमोऐवजी रोज एक गोळी चालते. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये छापून आला. नुसत्या गेफिटिनिबवर आजार सरासरी आठ महिने थोपला, गोळीबरोबर केमो दिली तर सोळा. पण त्यासाठी तुकडा पुरेसा हवा, तो मोठ्या शहरातल्या लॅबला जायला हवा, रिपोर्ट यायला हवा, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाई सापडायला हवी. औरादकडच्या एका बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा तिच्या फायलीतला नंबर मुलाचा, आणि मुलगा पुण्यात सिम बदलून बसलेला. बाई आपल्याला काही औषध नाही असं समजून घरी. आशाताईनं दोन दिवसांत शोधून काढली. गोळी सुरू झाली. पुढची दिवाळी आणि त्यापुढची आखाडी तिनं पुरणपोळी स्वतः करून केली. चिंचोळीकडच्या दुसऱ्या एकीचा रिपोर्ट तसाच आला होता. तिच्याकडं मी पोचले तेव्हा तेरावा होऊन गेला होता. रिपोर्ट मी घरच्यांना दाखवला नाही. दाखवायला हवा होता असं म्हणणारे सहकारी आहेत. माझं मत अजून तेच आहे.

संमतीपत्रक आमच्याकडं कन्नड, मराठी, उर्दू अशा तीन भाषांत असायचं. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांप्रमाणं सात वर्षांवरच्या मुलालाही विचारावं लागतं, आणि बारा वर्षांवरच्याची लेखी संमती. ही अट मला आधी कागदी वाटायची. मग एका बारा वर्षांच्या मुलानं पूर्ण पत्रक वाचून विचारलं, ‘यातून मला काय मिळणार?’ त्याच्या बापानं त्याला गप्प केलं. मी खरं उत्तर दिलं: तुला काही नाही, पुढच्या मुलांना मिळालं तर. त्यानं विचार केला आणि सही केली. तशीच सही न करणारी एक मुलगीही भेटली. तिला वहीतून काढलं, तपासणी मात्र चालू ठेवली. नियमही तेच सांगतो.

२०२४ च्या डिसेंबरात कलबुर्गीत जयदेव हृदयरोग संस्थेची मोठी इमारत सुरू झाली. ३७१ खाटा, आमच्या भागाला खास दर्जा देणारं घटनेचं कलम ३७१-जे आठवावं असा आकडा. लहानपणी मशीन बसवलेली माझी पहिली मुलं आता मोठी झालीत. बालरोग विभाग त्यांना घेत नाही, मोठ्यांच्या ओपीडीत त्यांची जुनी फाइल नाही. आता मी नव्या रुग्णाच्या कार्डावर तीन नंबर लिहून घेते. घरचा, आजोळचा आणि गावच्या आशाताईचा. आशाताईचा नंबर सगळ्यात कमी बदलतो.

औरादचा तो हैदराबादला वायर बदललेला मुलगा परवा स्वतःहून आला. हुमनाबादला आयटीआयला प्रवेश मिळालाय, वेल्डरचा ट्रेड. वेल्डिंग चालेल का, एवढंच विचारायचं होतं. डॉक्टरांनी मशीन तपासलं आणि सांगितलं, आर्क वेल्डिंगच्या जवळ रोज आठ तास काम करण्यात धोका आहे, ट्रेड बदल. तो म्हणाला, फिटरची यादी लागून गेली. मग मी प्राचार्यांच्या नावानं एक पत्र टाइप केलं, डॉक्टरांनी सही-शिक्का केला. त्यानं जाताना आमच्याकडची आणि हैदराबादची, दोन्ही फायलींच्या झेरॉक्स मागून घेतल्या. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे.